गणपतीच्या तोंडावर मळलेला गालिचा: कमी खर्चात काय करावं, काय टाळावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. ऐरोलीत पहिल्या मजल्यावर घर. हॉलमध्ये 5 बाय 7 फुटांचा, मशीनवर बनवलेला गालिचा, 3,800 रुपयांना घेतलेला. घरातलं बाळ आता त्यावर रांगायला लागलंय. चहाचा एक डाग, हळदीचा एक डाग आणि कुबट वास. जूनमध्ये कपड्यांची पावडर बादलीत कालवून ब्रशने घासून घरीच धुतला, तर महिन्याभरात आधीपेक्षा काळपट दिसायला लागला आणि गेलेला चहाचा डाग परत वर आला. घरी येऊन मशीनने साफ करणाऱ्याने 2,200 रुपये सांगितले. गणपतीत पाहुणे येणार आहेत, तोवर स्वस्तात काय करता येईल?

मी ठाण्यात सोफे आणि गालिचे धुण्याचं काम करते, बरीच वर्षं झाली. तुमचं वर्णन वाचून मला वाटतं की तुमच्या गालिच्याला आता मळापेक्षा जास्त त्रास जूनमधल्या साबणाचा आणि पाण्याचा होतोय. दोन्ही आत गेले आणि पूर्ण बाहेर आले नाहीत. म्हणून आधीच सांगते: गणपतीआधी गालिचा धुऊ नका. मशीनवाल्याला 2,200 रुपयेही आत्ता देऊ नका. आत्ता कोरडी सफाई करा, साबण काढण्यापुरता ओला हात फिरवा, डागांचं बघा. धुवायचाच असेल तर ऑक्टोबरमध्ये, कडक ऊन पडायला लागल्यावर. का, ते नीट सांगते, कारण कारण कळलं की पुढच्या वेळी कोणाला विचारावं लागत नाही.

गालिच्यातला बहुतेक मळ कोरडा असतो. चपलेबरोबर आलेली वाळू, रस्त्याची धूळ, बांधकामाची सिमेंटची बारीक पूड, केस, त्वचेचा कोंडा. आपल्याकडे जिकडे पाहावं तिकडे टॉवर उठतायत, घोडबंदर रोडला मेट्रोचं काम वर्षानुवर्षं चाललंय, ठाणे-बेलापूर रोडला दिवसरात्र ट्रक. पहिल्या मजल्यावर ही धूळ थेट घरात येते. ही पूड जड असते, ती लवेच्या, म्हणजे वरच्या उभ्या धाग्यांच्या, तळाशी जाऊन बसते. वरून पाणी ओतलं की तिचा चिखल होतो आणि ब्रशने तोच चिखल धाग्यांत आणखी खोल घासला जातो. त्यामुळे कोरडा मळ काढल्याशिवाय पाण्याला हात लावायचा नाही, हा आमच्या कामातला पहिला नियम.

साबणाचं गणित वेगळं. कपडे आपण खळबळून, दोन-तीन पाण्यांतून काढून पिळतो. गालिचा पिळता येत नाही. पावडरचा अंश धाग्यांवर सुकतो आणि चिकट थर राहतो. बाळाचे हात, मोठ्यांचे पाय, पंख्याने उडालेली धूळ, सगळं त्याला चिकटतं. म्हणून धुतलेला गालिचा न धुतलेल्यापेक्षा लवकर काळा पडतो. खात्री करायची असेल तर एका कोपऱ्यात तळहाताएवढ्या जागी फक्त साधं कोमट पाणी शिंपडा आणि जुन्या टूथब्रशने हलकं घासा. साबण न घालता फेस आला, तर तो जूनमधला साबण आहे. तुमच्या सोसायटीत टँकरचं किंवा बोअरचं पाणी येत असेल तर ते बहुधा जड असतं, त्यात साबणाची साय धरते आणि ती काढणं आणखी अवघड जातं.

चहाचा डाग परत आला त्याचं कारण म्हणजे तो गेलाच नव्हता. वरच्या धाग्यांतून निघाला, पण चहा खाली पाठीपर्यंत उतरलेला होता. गालिचा वरून सुकायला लागला की खालचं पाणी निरांजनाच्या वातीतून तेल चढावं तसं धाग्यांमधून वर येतं आणि येताना चहाचा रंग घेऊन येतं. पाणी उडून जातं, रंग टोकाला राहतो. जितकं जास्त पाणी ओताल तितका हा प्रकार वाढतो. पावसाळ्यात सुकायला वेळ लागतो, म्हणून आणखी वाढतो.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते. गालिचा कशाचा आहे आणि त्याची पाठ कशी आहे, हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि पुढचं सगळं त्यावर ठरतं. कडेला लवेचाच एक सुटा धागा कापा, चिमट्यात धरा आणि बेसिनवर काडेपेटीने पेटवा. बाळ दुसऱ्या खोलीत असू द्या. धागा वितळून त्याचा कडक मणी झाला तर तो कृत्रिम आहे: पॉलिप्रॉपिलीन, पॉलिएस्टर किंवा नायलॉन. केस जळल्यासारखा वास आला, जाळ आपोआप विझला आणि राख बोटात चुरगळली तर लोकर. कागदासारखा भराभर जळून मऊ करडी राख उरली तर सुती, ज्यूट किंवा विस्कोस. तुमच्या किमतीत बहुतेक वेळा कृत्रिम निघतो आणि तो सगळ्यांत सोशिक. पण रेशमासारखा चकाकणारा आणि कागदासारखा जळणारा निघाला तर तो विस्कोस समजा. विस्कोस ओला झाला की कमकुवत होतो, लव बसते, पिवळे पट्टे उमटतात. त्याला पाणी लावूच नका, आत्ताही नाही आणि ऑक्टोबरमध्येही नाही.

मग पाठ बघा. गालिचा उलटल्यावर नक्षी तशीच दिसत असेल तर तो विणलेला आहे आणि धुणं सोसतो. पाठीला जाडसर कापड चिकटवलेलं असेल आणि नक्षी दिसतच नसेल तर आत डिंकासारखा लॅटेक्सचा थर असतो. तो वारंवार भिजला की सुटतो, गालिच्याला फुगे येतात, जुना असेल तर पिवळी पूड गळते. ज्यूटचं अस्तर भिजून उशिरा सुकलं तर त्याचा तपकिरी रंग वर येतो. लोक त्याला मळ समजून पुन्हा पाणी ओततात आणि डाग वाढत जातो.

तर आता या आठवड्यात काय करायचं. उघडीप बघा, पंखा आणि असेल तर एसी चालू ठेवा. जमिनीवर जुनी चादर पसरा, तिच्यावर गालिचा उपडा टाका, लव खाली आणि पाठ वर. व्हॅक्यूम क्लीनर असेल तर पाठीवरून सावकाश फिरवा. नसेल तर जुन्या बॅटने किंवा प्लास्टिकच्या दांड्याने पाठ धोपटा. फार जोर नको, पण एकही भाग सुटू देऊ नका. तोंडाला पंचा बांधा, बाळाला लांब ठेवा. गालिचा उचलून चादर बघा: मैद्यासारखी बारीक करडी पूड आणि मधेमधे चमकणारी वाळू दिसेल. चादर झटका, पुन्हा पसरा, पुन्हा धोपटा. चादरीवर पडणारी पूड अगदी कमी होईपर्यंत हेच. गॅलरीच्या कठड्यावर टाकून झोडपू नका. खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर सगळं जातं आणि सोसायटीत भांडण होतं ते वेगळंच. गच्चीची परवानगी मिळाली तर उत्तम.

त्यानंतर सुलट करून लवेच्या बाजूने व्हॅक्यूम. लोक इथे घाई करतात. नळी एका जागेवरून हळूहळू ओढा, आधी लवेच्या दिशेने, मग उलट्या दिशेने, मग आडवी. लांब लव असेल तर फिरता ब्रश लावू नका, धागे गुंततात. व्हॅक्यूम विकत घ्यायची गरज नाही, शेजाऱ्यांकडून एका दुपारीपुरता मागून आणा. नाहीच मिळाला तर जरा ताठ केरसुणीने एकाच दिशेने झाडा आणि रबराचा हातमोजा घालून हात ओढत न्या, केस गोळा होऊन येतात. इतकं झालं की गालिच्याचा रंग उजळलेला तुम्हाला स्वतःला दिसेल. आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी गालिच्यांना याच्या पुढे फारसं काही लागत नाही.

वासासाठी खायचा सोडा चालतो, पण त्याचं काम नीट समजून घ्या. तो वास कमी करतो, मळ काढत नाही. कोरड्या गालिच्यावर चाळणीने पातळ थर द्या, दोन-तीन तास ठेवा आणि व्हॅक्यूमने काढा. पावसाळी हवेत रात्रभर ठेवला तर ओल धरून त्याच्या गुठळ्या होतात. व्हॅक्यूमची पिशवी आणि फिल्टर नंतर लगेच झटका, त्या बारीक पुडीने ते तुंबतात. सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून फसफसणारं मिश्रण वापरायचं सध्या फार चाललंय. फेस दिसायला छान दिसतो, पण दोघे एकमेकांना निकामी करतात आणि मागे खारट पाणी उरतं. दोन्ही उपयोगाचे आहेत, वेगवेगळे वापरा.

यानंतरही वास येत असेल तर तो पाठीत धरलेल्या ओलीचा किंवा बुरशीचा आहे, आणि त्यावर सुगंधी फवारा मारून काही होत नाही. पाठ वर करून गालिचा चार प्लास्टिकच्या खुर्च्यांवर आडवा टाका, खालून-वरून हवा खेळू द्या, पंखा आणि एसीचा ड्राय मोड लावा. ऊन पडलं तर तासभर उन्हात. पाठीवर काळे ठिपके दिसले तर गालिचा बाळाच्या खोलीत परत नेऊ नका, मग पैसे किती गेले हा हिशोब बाजूला ठेवायचा.

साबणाचा थर काढायला एक लिटर कोमट पाण्यात अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर घ्या. आधी मागच्या कोपऱ्यात पांढरा रुमाल त्या पाण्यात भिजवून दोन मिनिटं दाबून धरा. रुमालावर रंग उतरला तर तिथेच थांबा, हे काम घरी करण्यासारखं नाही. नाही उतरला तर जुना टर्किश टॉवेल त्या पाण्यात बुडवून अगदी घट्ट पिळा, इतका की पुन्हा पिळला तर थेंब पडू नये. दोन फुटांचा चौकोन घ्या, लवेच्या दिशेने पुसा, टॉवेलची घडी बदलत राहा. लगेच दुसऱ्या कोरड्या टॉवेलने दाबून ओल टिपा, मग पुढचा चौकोन. टॉवेल धुतलेलं पाणी आधी दुधाळ येईल, तोच जूनमधला साबण. एका दिवसात सगळा गालिचा करायचा हट्ट नको. अर्धा आज, तो पूर्ण सुकल्यावर अर्धा उद्या. व्हिनेगर वापरताना घरातलं ब्लीच त्यात कधीही मिसळू नका, दोघांतून क्लोरीनचा विषारी वायू निघतो. ब्लीच तसंही गालिच्याला नकोच. लोकर तर त्यात अक्षरशः विरघळते.

चहाच्या डागाला हेच व्हिनेगरचं पाणी. डागावर ओतायचं नाही, फडक्याने लावायचं, बाहेरून आत यायचं आणि चोळायचं नाही, टिपायचं. फडक्यावर रंग येणं थांबलं की डागावर पांढऱ्या सुती कापडाची किंवा टिश्यूची जाड घडी ठेवा, वर प्लास्टिकचा तुकडा आणि त्यावर एखादा जड डबा. रात्रभर तसंच राहू द्या. वर चढणारं पाणी रंगासकट त्या घडीत जातं, धाग्यांच्या टोकाला थांबत नाही. सकाळी घडीवर तपकिरी गोल दिसेल. परत येणाऱ्या डागांसाठी याहून स्वस्त आणि खात्रीचा उपाय मी पाहिलेला नाही.

हळदीला साबण लावू नका. स्वयंपाकघरात आपण सगळ्यांनी बघितलंय, साबण लागला की हळद लाल होते. सोडाही तेच करतो, म्हणून सोड्याचा थर देताना हा डाग वगळा. आधीच लाल झाला असेल तर व्हिनेगरच्या पाण्याने तो परत पिवळ्यावर येतो. उरलेला पिवळा रंग प्रकाशाने उडतो. कृत्रिम धागा असेल तर तो भाग खिडकीशी, उजेडाच्या दिशेला वळवून ठेवा आणि काही दिवस धीर धरा. सोबत तेल असेल, म्हणजे डाग भाजीचा किंवा आमटीचा असेल, तर आधी कॉर्नफ्लोर किंवा टाल्कम पावडर टाकून तेल शोषू द्या. बेसन वापरू नका, ते तळाशी राहिलं की झुरळं आणि किडे येतात.

बाळाचं म्हणाल तर दूध सांडलं किंवा शू झाली की आधी टिपा, मग थंड पाणी, परत टिपा. गरम पाणी नको, दुधातलं प्रोटीन त्याने धाग्यावर घट्ट बसतं. शूवर शेवटी व्हिनेगरच्या पाण्याचा हात फिरवा. एन्झाइमवाले लिक्विड वासावर चांगले असतात, पण ते कृत्रिम गालिच्यालाच. लोकर आणि रेशीम ही स्वतःच प्रोटीनची असतात, ते एन्झाइम त्यांनाही खातं.

गणपतीचे दिवस वेगळे लिहिते, कारण दरवर्षी विसर्जनानंतरच्या आठवड्यात आमच्याकडे ठरावीक डाग घेऊन लोक येतात: तेल, तूप, मेण, गुलाल, हळदकुंकू. मखराजवळ आणि हळदीकुंकवाच्या बायका जिथे बसतील तिथे गालिचा ठेवूच नका, सतरंजी किंवा चटई घाला. तुम्ही विचारलं नाहीत, पण माझं मत विचाराल तर रांगतं बाळ आहे तोवर पावसाळ्यात हॉलमध्ये सुती सतरंजीच बरी, दर आठवड्याला धुता येते. तरीही कुंकू किंवा गुलाल सांडलाच तर ओला फडका अजिबात लावू नका. बाजारातल्या पुष्कळशा कुंकवात आणि गुलालात कृत्रिम रंग असतो, पाणी लागताच तो धाग्यात शिरतो. कोरडाच उचला: व्हॅक्यूम, नाहीतर कागदाच्या कडेने खरवडून. मेणावर बर्फाची पिशवी ठेवा, कडक झालं की तोडा, उरलेल्यावर तपकिरी कागद ठेवून कोमट इस्त्री टेका. धागा कृत्रिम असेल तर इस्त्री अगदी कमीवर, नाहीतर धागाच वितळेल.

आता ऑक्टोबर. धागा कृत्रिम आणि पाठ विणलेली असेल तरच हे. गच्चीवर किंवा पार्किंगमध्ये, सकाळी लवकर. परत उपडा टाकून धोपटणं, परत व्हॅक्यूम. मग एक लिटर पाण्याला एक छोटा चमचा लोकरीच्या कपड्यांचं सौम्य लिक्विड, ईझीसारखं. कपड्यांची पावडर नाही. मऊ ब्रशने लवेच्या दिशेने हात फिरवायचा, मग पाइपने साधं पाणी, फेस पूर्ण जाईपर्यंत. पाणी काढायला फरशीचा वायपर घ्या आणि लवेच्या दिशेने दाबून ओढत राहा. गढूळ पाण्याची लाट वायपरपुढे येते, ती स्वच्छ होईपर्यंत पाणी आणि वायपर आलटून पालटून. शेवटी गुंडाळी करून थोडा वेळ उभी ठेवा, खालून भरपूर पाणी निथळतं. मग पाठ उन्हाकडे करून उतारावर पसरा. ओला गालिचा ग्रिलवर किंवा दोरीवर टाकू नका. तो फार जड होतो, ताणला जाऊन वाकडा होतो आणि खाली कोणाच्या अंगावर पडला तर मोठा अनर्थ. एका दिवसात आतपर्यंत सुकला पाहिजे. संध्याकाळी पाठ हाताला गार लागली तर अजून ओल आहे, रात्री पंख्याखाली ठेवा.

खर्च सांगायचा तर व्हिनेगर, सौम्य लिक्विड, एक मऊ ब्रश आणि सोडा, सगळं मिळून तीन-चारशे रुपयांत येतं आणि वर्षभर पुरतं. 3,800 च्या गालिच्यावर एका वेळेला 2,200 घालवणं मला पटत नाही. तेच आजीने दिलेला लोकरीचा काश्मिरी किंवा भदोहीचा हाताने विणलेला गालिचा असता तर मी उलट सांगितलं असतं: घरी हात लावू नका, गालिचे धुण्याचा खास कारखाना असतो तिथे द्या. मशीनवाल्याला कधी बोलवायचंच झालं तर त्याला तीन गोष्टी विचारा: लिक्विड कुठलं आणि त्यानंतर साध्या पाण्याचा हात देणार का, पाणी ओढून घेणारं मशीन आहे की फक्त फेस करणारा ब्रश, आणि किती तासांत सुकेल. फक्त ब्रश असेल तर तुम्ही जूनमध्ये केलंत तेच तो 2,200 रुपयांत करणार आहे.

धागा जाळून बघितल्यावर आणि पाठ उलटून बघितल्यावर काय दिसलं ते इथेच लिहा. विशेषतः पाठीला कापड चिकटवलेलं निघालं तर ऑक्टोबरचं धुणं पूर्ण बदलावं लागेल, ते मग तसं सांगते.